विश्लेषण : कुलू-मनालीच्या सहलीत ट्राउटसाठी एक दिवस… ‘फ्लाय फिशिंग’चे नियोजन नदीच्या घड्याळाने का करावे लागते?

परीक्षा संपल्या, निकाल लागले की मुंबई-पुण्यापासून नागपूर-कोल्हापूरपर्यंतची कित्येक कुटुंबे कुलू-मनालीची वाट धरतात. हिडिंबा मंदिर, सोलंग, अटल बोगदा, रोहतांग आणि संध्याकाळी मॉल रोड हा क्रम ठरलेला असतो. याच प्रवासात, मुख्य रस्त्यापासून थोडे आत वळले तर तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी गळ टाकता येतो. तेथील अनेक होम-स्टे पर्यटकांना ‘फ्लाय फिशिंग’चा अनुभव देतात. मात्र इतर ठिकाणांसारखे ‘दहा वाजता निघू, तासाभरात उरकू’ असे येथे चालत नाही. मासा कधी खातो, नदी कधी चढते आणि परवाना कोठे मिळतो, या तीन गोष्टींवर दिवस ठरतो. त्या न जुळवल्यास पैसे वाया जातातच, पण प्रसंगी जिवावरही बेतू शकते.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमके काय?

गळाने मासे पकडण्याची आपल्याकडची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, दोराला शिशाचे वजन बांधायचे आणि ते पाण्यात फेकून वाट पाहायची. यात वजनामुळे दोर लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये नेमके उलट असते. येथे आमिष म्हणजे पिसे, केस आणि रंगीत दोरा गुंडाळून तयार केलेली नकली माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे दोरच जाड आणि वजनदार असतो आणि काठीच्या लवचीकपणाने तो हवेत मागेपुढे झुलवून माशी इच्छित जागी अलगद टेकवावी लागते.

जाड दोराच्या टोकाला साधारण नऊ फुटांचा निमुळता, पारदर्शक धागा असतो. माशाला जाड दोर दिसू नये, हा त्याचा हेतू. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला ‘ड्राय फ्लाय’ म्हणतात, पाण्याखालून वाहत जाणाऱ्या अळीसारख्या आमिषाला ‘निम्फ’, तर लहान माशाची नक्कल करणाऱ्या आमिषाला ‘स्ट्रीमर’. नदीच्या तळाशी दगडांना चिकटून राहणाऱ्या कीटकांच्या अळ्या हे ट्राउटचे मुख्य अन्न. त्यामुळे त्या दिवशी नदीत कोणते कीटक आहेत, हे ओळखून माशी निवडणे हाच या खेळाचा गाभा आहे.

हिमाचलमध्ये ट्राउट आला कोठून?

ट्राउट मूळचा भारतातला नाही. ब्राउन ट्राउट युरोपातला, तर रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. ब्रिटिश अधिकाऱ्यांना हिमालयातील थंड नद्या पाहून मायदेशातील मासेमारीची आठवण झाली आणि त्यांनी तेथून अंडी मागवली. काश्मीरसाठी १८९९ मध्ये आणलेली अंडी वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये आलेली खेप मात्र तगली. पुढे १९०९ मध्ये कुलूमधील ब्रिटिश अधिकारी जी. सी. एल. हॉवेल यांनी काश्मीरमधून अंडी आणून कटराईंजवळ महिली येथे उबवणी केंद्र सुरू केले. बियास आणि तिच्या उपनद्यांमधील ब्राउन ट्राउट ही त्याच प्रयत्नांची संतती. याच परिसरात पतलीकुहल येथे आज सरकारी ट्राउट केंद्र आहे. कुलू-मनाली रस्त्यावर हॉटेलात जो ट्राउट ताटात येतो, तो बहुधा अशा तलावांमध्ये वाढवलेला रेनबो ट्राउट असतो. गळाला लागणारा नदीतला मासा वेगळा, तांबड्या-काळ्या ठिपक्यांचा आणि बराच सावध.

ठिकाण कोणते निवडावे?

हिमाचलमध्ये ट्राउटसाठी सांगला खोऱ्यातील बास्पा, रोहडूजवळची पब्बर, बरोटची ऊहल आणि बंजार भागातील तीर्थन या नद्या प्रसिद्ध आहेत. कुलू-मनालीच्या सहलीला यांपैकी तीर्थन सर्वांत सोयीची. चंदीगड-मंडीमार्गे जाताना औटच्या बोगद्याआधीच लारजीकडे फाटा फुटतो. तेथून बंजार आणि पुढे नागिनी, गुशैणी ही गावे लागतात. मनालीहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत बहुतेक वेळा फसतो. जाण्यात तीन-चार तास मोडतात आणि नदीवर पोहोचेपर्यंत चांगली वेळ निघून गेलेली असते. त्यापेक्षा मनालीला जाताना किंवा परतताना येथे दोन रात्री मुक्काम करावा. त्यामुळे एक सकाळ हवामानामुळे वाया गेली तरी दुसरी हाताशी राहते.

तीर्थनचा उगम ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. गळ टाकायचा तो उद्यानाच्या हद्दीबाहेर, गावांलगतच्या पट्ट्यात. नदी मोकळी वाहते, यालाही इतिहास आहे. तीर्थन खोऱ्यात अनेक छोटे जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित होते. माजी आमदार दिलेराम शबाब यांच्या पुढाकाराने स्थानिकांनी त्यांना विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि प्रकल्प गुंडाळले गेले. शेजारच्या सैंज आणि पार्वती नद्यांवर प्रकल्प उभे राहिले, तीर्थन वाचली. आज येथे मासेमारी आणि त्यावर चालणारी होम-स्टे उभी आहेत, ती या निर्णयामुळेच.

मे-जूनमध्ये नदी कशी वागते?

महाराष्ट्रातील नद्या मे महिन्यात आटतात. हिमालयातील नद्या याच काळात फुगतात. दिवसा उन्हाने वरच्या डोंगरातील बर्फ वितळते आणि ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. परिणामी पहाटे नदी सर्वांत कमी आणि नितळ असते, तर दुपारनंतर आणि संध्याकाळी पाणी चढते, गढूळ होते. ट्राउट नजरेने शिकार करतो. पाणी गढूळ झाले की त्याला माशी दिसत नाही. म्हणजे मासेमारीला उत्तम आणि पाण्यात उतरायला त्यातल्या त्यात सुरक्षित अशी वेळ एकच : उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत.

ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सियसच्या पाण्यात तो चपळ असतो. २० अंशांच्या वर गेल्यास त्याला प्राणवायू कमी पडू लागतो. त्यामुळे भर दुपारी, उथळ आणि तापलेल्या पाण्यात त्याच्यामागे लागणे व्यर्थ आणि माशाच्या दृष्टीने घातकही. हिमाचलमध्ये मार्च ते जून आणि पावसाळ्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन हंगाम चांगले मानले जातात. निवडीला वाव असल्यास सुट्टीच्या अखेरच्या टप्प्यापेक्षा एप्रिलअखेर किंवा मेचा पहिला पंधरवडा बरा. जूनच्या उत्तरार्धात मान्सूनपूर्व सरी आणि दरडींचा धोका वाढतो. जुलै २०२३ मध्ये बियास खोऱ्यात आलेल्या पुराने रस्ते, पूल आणि घरे वाहून गेली होती, हे विसरता येत नाही.

परवाना लागतो का? नियम काय?

लागतो. हिमाचलमध्ये गळाने मासेमारीसाठी राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना बंधनकारक आहे. शुल्क किरकोळ असते, पण परवाना व्यक्तीच्या नावाने आणि ठरावीक दिवसांसाठी असतो. कुटुंबातील दोघांना गळ टाकायचा असल्यास दोन परवाने घ्यावेत. होम-स्टेचालक तो काढून देतात, मात्र ‘नंतर बघू’ असे उत्तर आल्यास आरक्षणाआधीच खुलासा करून घ्यावा. सुट्टीच्या किंवा सणाच्या दिवशी कार्यालय बंद असू शकते, म्हणून परवाना आदल्या दिवशी हातात असणे चांगले. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या नद्यांमध्ये मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. दिवसाला किती आणि किती लांबीचे मासे ठेवता येतात, यावरही मर्यादा आहे. परवाना घेतानाच ती विचारून घ्यावी. जाळे, विजेचा धक्का किंवा स्फोटके वापरणे हा गुन्हा आहे. असे काही दिसल्यास त्यात सहभागी न होता विभागाला कळवणे योग्य.

साहित्य विकत घ्यावे का?

एका सकाळसाठी विकत घेण्याची गरज नाही. स्थानिक मार्गदर्शकाकडे काठी, रीळ आणि माश्या मिळतात. आरक्षण करताना ‘फ्लाय’ची काठी आहे का, हे आवर्जून विचारावे. बऱ्याच ठिकाणी चमच्यासारखे चकाकते आमिष लावलेली साधी काठी हातात दिली जाते. तीही मासेमारीच, पण फ्लाय फिशिंग नव्हे. ज्यांना छंद पुढे न्यायचा आहे, त्यांच्यासाठी साडेआठ ते नऊ फुटांची, चार किंवा पाच क्रमांकाची, चार तुकड्यांत सुटणारी काठी पुरते. ती विमानात सामानासोबत द्यावी. गळ आणि कात्री केबिनच्या पिशवीत नेता येत नाहीत.

सोबत न्यायच्या वस्तू मात्र साध्याच आहेत : पकड असलेले, ओले झाले तरी चालतील असे बूट, लवकर वाळणारी पँट, टोपी, पूर्ण बाह्यांचा मातकट रंगाचा शर्ट आणि चष्मा. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी कमी होते आणि मासा दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हवेत फिरणाऱ्या गळापासून डोळे वाचतात. म्हणून काठी न धरणाऱ्यांनीही चष्मा लावावा.

नवख्याला एका सकाळी जमते का?

मासा लागेलच असे नाही. माशी टाकणे मात्र जमते. काठी घड्याळातील दहा आणि दोनच्या काट्यांदरम्यान हलवायची, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे. नवखे लोक जोर लावतात आणि घाई करतात. मागे गेलेला दोर पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. तो थांबा चुकला की दोराचा गुंता होतो. त्यासाठी पोहोचलेल्या दिवशीच संध्याकाळी होम-स्टेच्या अंगणात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून अर्धा तास सराव करावा. सकाळी नदीवर शिकण्यात वेळ जात नाही.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. वेगाने वाहणारे पाणी त्याच्याकडे अन्न आणते आणि मोठ्या दगडाआडचे संथ पाणी त्याला विसावा देते. या दोन्हींच्या सीमेवर तो सापडतो. म्हणून त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने, वाकून आणि आवाज न करता पुढे जायचे. पाण्यावर पडलेली सावली आणि दगडांवर आपटलेले पाय त्याला लगेच कळतात.

मुले आणि आजी-आजोबांना कसे सामावून घ्यावे?

कुटुंबाची सहल फसते ती येथेच. बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे आणि बाकी सगळे काठावर मोबाइलची रेंज शोधत, असे चित्र टाळायचे तर आधीच वाटणी करावी. गळ टाकण्याचा कार्यक्रम सकाळी सहा ते नऊ एवढाच ठेवावा आणि ज्यांना हौस आहे त्यांनीच जावे. बाकीच्यांनी साडेआठच्या सुमारास न्याहारी घेऊन नदीवर यावे. उरलेला दिवस जलोडी खिंड, बंजारचा बाजार किंवा जंगलातील पायवाटेसाठी मोकळा राहतो.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना तासभर शांत उभे करणे अवघड. त्यांच्यासाठी काठालगतच्या उथळ पाण्यातले दगड उलटून अळ्या शोधण्याचे काम उत्तम. पांढऱ्या ताटलीत थोडे पाणी घेऊन त्यात अळ्या पाहाव्यात आणि मार्गदर्शकाच्या डबीतील कोणती माशी तिच्याशी जुळते ते मुलांनाच ठरवू द्यावे. नंतर दगड होता तसा ठेवायचा. या अळ्या स्वच्छ, थंड पाण्यातच टिकतात, हा नदीच्या आरोग्याचा धडा त्यातून आपोआप मिळतो. मुलाला काठी द्यायची तर मार्गदर्शकाच्या समोर, कोरड्या काठावरून आणि आजूबाजूला कोणी नाही हे पाहून. आजी-आजोबांसाठी रस्त्यालगत, सावली असलेली जागा आधी पाहून ठेवावी. गोट्यांवरून चालताना गुडघे आणि तोल दोन्हींची परीक्षा असते.

धोका कितपत? सुरक्षिततेसाठी काय पाळावे?

८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादमधील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि सहलीसोबतचा एक संयोजक वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडल्याने पात्र काही क्षणांत भरले होते. हा काळही सुट्टीचाच होता आणि ही जागा तीर्थनकडे वळणाऱ्या फाट्यापासून दूर नाही. धरणाच्या खालच्या पट्ट्यात पात्र कोरडे दिसले तरी तेथे उतरू नये, पात्रातल्या मोठ्या दगडावर छायाचित्रासाठी जाऊ नये आणि भोंगा ऐकू येताच थेट वर चढावे. भोंगा वाजेलच, या भरवशावरही राहू नये.

तीर्थनच्या वरच्या भागात धरण नसले तरी वितळलेले बर्फ आणि डोंगरावरील पाऊस आहेच. पाणी अचानक गढूळ होणे, त्यात काटक्या-पाने वाहून येणे किंवा काठावरची ओली रेषा वर सरकणे ही पाणी चढत असल्याची लक्षणे. त्यातले एकही दिसले तर मासा लागलेला असला तरी बाहेर पडावे. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आधाराला काठी घ्यावी, प्रवाह ओलांडण्याचा मोह टाळावा आणि मुलांना काठाशीही लाइफ जॅकेट घालावे. पडल्यास पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करून पाठीवर तरंगावे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याची धडपड केल्यास पाय दगडांत अडकतो. बहुतेक जण पोहता येते म्हणून निर्धास्त असतात, पण बर्फाच्या पाण्यात हातपाय काही मिनिटांतच बधिर होतात.

पकडून सोडायचा, तर पकडायचा कशाला?

घरातून हा प्रश्न येणारच आणि तो गैरलागू नाही. सोडून दिलेला मासा जगतोच असेही नाही. तो जगेल का, हे पकडणाऱ्याच्या हातावर ठरते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला तर तो सहज निघतो. हात ओले करूनच मासा धरावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. छायाचित्र काढायचेच तर मासा पाण्यात ठेवून, काही सेकंदांत. नंतर तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निसटेपर्यंत हलका आधार द्यावा. हे जमणार नसेल किंवा मनाला पटत नसेल, तर नियमात बसणारा एक मासा ठेवून रात्री तोच जेवणात घेणे अधिक प्रामाणिक.

दुसरी बाजूही आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातील १०० घातक परक्या प्रजातींची यादी केली, त्यात ब्राउन आणि रेनबो असे दोन्ही ट्राउट आहेत. हिमालयातील नद्यांचे मूळ रहिवासी म्हणजे दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणारे ‘स्नो ट्राउट’. नाव तसे असले तरी ते ट्राउटच्या कुळातले नव्हेत. गळाला असा देशी मासा लागला तर तो आधी सोडावा.

महाराष्ट्रात असे काही करता येईल का?

ट्राउट येथे जगत नाही. आपल्या नद्यांचे पाणी त्याला फार उष्ण. आपला मानाचा मासा म्हणजे महसीर. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा समूहाच्या केंद्रात गेली अनेक दशके त्याची पैदास होते. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर राखले गेले आहेत. भाविक त्यांना खाऊ घालतात, कोणी पकडत नाही. हिमाचलमध्ये जोगिंदरनगरजवळच्या मच्छियाल येथेही हीच प्रथा आहे. अशा ठिकाणी गळ काढणे म्हणजे गावाच्या श्रद्धेला हात घालणे. सहलीत मच्छियालला थांबायचे असेल, तर काठी गाडीतच ठेवावी आणि मुलांच्या हाती कणकेच्या गोळ्या द्याव्यात.